मुलांच्या स्वभावघडणीच्या ऑनलाइन उपक्रमात पालक टिकत नाहीत, काय करावे?

प्रश्न
वर्गशिक्षिका, मानेवाडा

नमस्कार. मी दक्षिण नागपुरातील एका अनुदानित मराठी शाळेत सहाव्या वर्गाची वर्गशिक्षिका आहे. मुलांच्या स्वभावघडणीसाठी आमच्या शाळेने जुलैपासून एक ऑनलाइन उपक्रम सुरू केला. दर शनिवारी सायंकाळी साडेसात ते सव्वाआठ या वेळेत मोबाइलवर सभा होते, मुलाने आई किंवा वडिलांसह बसावे अशी अपेक्षा असते, आणि प्रामाणिकपणा, जबाबदारी, ज्येष्ठांची काळजी, सार्वजनिक मालमत्तेचा आदर असा एकेक विषय महिनाभर चालतो. सभेत एक छोटी चित्रफीत दाखवतो, तिच्यावर बोलतो आणि आठवड्यासाठी एक कृती देतो. ती कृती केल्याचा फोटो पालकांनी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचा, आम्ही त्या मुलाच्या नावापुढे एक तारा लावायचा आणि महिनाअखेर सर्वाधिक तारे मिळवणाऱ्याला प्रमाणपत्र द्यायचे, अशी पद्धत ठरलेली आहे.

माझ्या वर्गात 44 मुले आहेत. पहिल्या शनिवारी 31 घरांतून पालक बसले होते, दिवाळीच्या सुट्टीनंतर ही संख्या 12 वर आली आणि परवाच्या शनिवारी फक्त 6 घरे होती, त्यांतही दोन पालकांचे कॅमेरे बंद होते. वरिष्ठांचे म्हणणे असे की पालकांना रसच नाही, तेव्हा हजेरी सक्तीची करावी आणि न येणाऱ्यांना शाळेत बोलावून समज द्यावी. मला हे पटत नाही, कारण याच पालकांपैकी कितीतरी जण पालकसभेच्या दिवशी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून येतात आणि मुलाच्या गणिताची वही उभ्याउभ्या पानापानाने पाहतात. ज्यांना मुलाची एवढी चिंता आहे त्यांना त्याच्या वागण्याची चिंता नसेल, असे मी मानू शकत नाही.

एक प्रसंग मात्र मनातून जात नाही. त्या आठवड्याची कृती होती घरातील ज्येष्ठांची सेवा. काही कामाने मी वर्गातील एका मुलीच्या घरी गेले होते. तिची आई आजोबांना पाण्याचा ग्लास देतानाचा तिचा फोटो काढत होती. पहिल्या फोटोत आजोबांचे डोळे मिटले होते, दुसऱ्यात उजेड कमी पडला. तिसऱ्या वेळी फोटो नीट आला तेव्हा मुलीने विचारले, “झाला ना फोटो? मग ग्लास ठेवू का?” आणि तिने तो परत नेऊन मोरीजवळ ठेवला. आजोबांचा हात तसाच पुढे होता. त्यांना खरोखर तहान लागली होती, हे आम्हा दोघींनाही त्यानंतर कळले. त्या रात्री गटावर त्या फोटोचे भरभरून कौतुक झाले आणि नियमाप्रमाणे मी तिच्या नावापुढे तारा लावला. तो लावताना मला फार वाईट वाटले, कारण त्यात दोष मुलीचा नव्हता आणि तिच्या आईचाही नव्हता. आम्ही जे मागितले होते तेच त्यांनी दिले होते.

ज्यांच्या कामाच्या वेळा आमच्या सभेशी जुळत नाहीत अशा पालकांना कसे सामावून घ्यावे, कृती कोणत्या द्याव्यात, आणि सक्तीने काही साधते का, याबद्दल आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

उत्तर 1
पालक, बुटीबोरी

मॅडम, मी बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात यंत्रावर काम करतो. मुलगा पाचव्या वर्गात आहे, मुलगी आठव्या वर्गात. माझी दुसरी पाळी दुपारी तीनला सुरू होते आणि रात्री अकराला सुटते. साडेसात वाजता मी यंत्रासमोर उभा असतो आणि घरातला एकमेव स्मार्टफोन माझ्या खिशात असतो. आमच्या मुलाच्या शाळेतही असाच उपक्रम होता आणि सुरुवातीचे काही महिने मी गैरहजर पालकांच्या यादीत असे. ती यादी गटावर येत असे. माझ्या मुलाने ती वाचली आणि मला काहीही न विचारता फोन खाली ठेवला, एवढेच सांगतो.

वेळेइतकेच आणखी एक कारण आहे आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. कॅमेरा सुरू केला की आमची एक खोली सगळ्या वर्गाला दिसते. दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातला गॅस, खाटेवर झोपलेली आई. चित्रफितीत मात्र वडील सायंकाळी सहाला घरी येतात, सोफ्यावर बसतात आणि मुलाला जवळ घेऊन प्रामाणिकपणावर बोलतात. ते पाहताना आपल्याला काही शिकवले जात आहे असे न वाटता आपली परीक्षा घेतली जात आहे आणि आपण त्यात नापास झालो आहोत, असे वाटत राहते. आपल्या त्या दोन पालकांचा कॅमेरा का बंद असेल, याचा एकदा या बाजूने विचार करावा, ही विनंती.

यंदा मुलाला नवे वर्गशिक्षक आले आणि त्यांनी सभाच बंद केली. ते रविवारी सकाळी दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतात, त्यात एकच प्रश्न असतो, उत्तर कोणालाही पाठवायचे नसते, आणि आठवड्यात केव्हाही मुलाशी त्यावर बोलायचे असते. पहिला प्रश्न होता: तुमच्या हातून झालेली आणि तुम्ही लपवलेली एखादी चूक मुलाला सांगाल का?

मला दोन दिवस धीर झाला नाही. बुधवारी सुट्टी होती, जेवताना सांगितले. मी शिकाऊ कामगार असताना एका रात्री माप चुकून 22 नग बाद झाले होते. मी ते चांगल्या नगांच्या खाली क्रेटमध्ये टाकले आणि दुसऱ्या दिवशी तपासणीत शेजारच्या यंत्रावरच्या मुलावर ठपका आला. तिसऱ्या दिवशी मी साहेबांना खरे सांगितले, माझा पगार कापला गेला. मुलाने पोळीचा घास तसाच हातात धरला आणि विचारले, “मधले दोन दिवस त्या काकांना कसे वाटले असेल?” वीस वर्षांत मी याचा विचार केला नव्हता. मला आपल्या पगाराचेच लक्षात राहिले होते. चार दिवसांनी त्याने आपणहून सांगितले की ताईच्या कंपासपेटीचे झाकण मित्राने तोडले नव्हते, त्यानेच तोडले होते. मी रागावलो नाही. रागावण्याचा मला अधिकारच नव्हता.

उत्तर 2
निवृत्त मुख्याध्यापक, महाल

बाई, आपला प्रश्न वाचून मला माझीच एक जुनी चूक आठवली, ती आधी सांगतो. मी मुख्याध्यापक असताना शाळेत सापडलेली वस्तू किंवा पैसे आणून देणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव परिपाठाच्या वेळी वाचण्याची आणि दर्शनी फळ्यावर लिहिण्याची प्रथा मी सुरू केली होती. पहिल्या आठवड्यात तीन नावे आली, दुसऱ्यात अकरा. तिसऱ्या आठवड्यात चौथ्या वर्गातील एका मुलाची आई शाळेत आली आणि तिने विचारले की शाळेत रोज एक रुपया कशासाठी मागता. मुले घरून नाणी आणून “सापडली” म्हणून जमा करत होती. प्रामाणिकपणाचा गौरव करण्याच्या माझ्या उत्साहातून मी लहान मुलांना खोटे बोलण्याचे कारण दिले होते. फळा त्याच दिवशी पुसला.

मानसशास्त्रात यावर 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली. काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितले, काहींना ते न सांगता दिले, काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात कोण किती चित्रे काढते हे पाहिले, तेव्हा ज्यांना बक्षिसाचे आधी सांगितले होते ती मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांवर घालवताना दिसली. चित्रकला आणि माया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी जाणतो, पण आपल्या त्या मुलीने ग्लास परत का नेला याचे उत्तर मला या प्रयोगात दिसते. तिच्यासाठी ते काम फोटोपाशी संपले होते. म्हणून माझा पहिला आग्रह हा की तारे, प्रमाणपत्र आणि पुराव्याचे फोटो हे तिन्ही ताबडतोब बंद करावेत, आणि ते का बंद करत आहोत हे पालकांना मोकळेपणाने सांगावे. शाळेने आपली चूक कबूल केली तर तोही मुलांसाठी एक पाठच होईल.

दुसरी गोष्ट पालकांच्या स्थानाची. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत 50 टक्के महिला असाव्या लागतात. म्हणजे शाळेच्या कारभारात पालकाला बसायला जागा आहे. आता आपल्या उपक्रमाकडे पाहा. विषय कोणी ठरवले? चित्रफिती कोणी निवडल्या? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहानुभूती, स्वच्छता, सेवाभाव, सार्वजनिक मालमत्तेचा आदर अशी मूल्यांची मोठी यादी आहे आणि ती चांगलीच आहे, परंतु त्या यादीतील कोणती गोष्ट आपल्या मोहल्ल्यात आज सर्वांत निकडीची आहे हे मानेवाड्यातील आई जितके सांगेल तितके आपण किंवा मी सांगू शकणार नाही. पाच-सहा पालकांना, त्यातही कधीच न येणाऱ्या दोघा-तिघांना, त्यांच्या सोयीच्या वेळी भेटा आणि एकच विचारा: तुमच्या लेकराच्या वागण्यातली कोणती गोष्ट तुम्हाला रात्री झोपू देत नाही? जे उत्तर येईल तोच पुढच्या महिन्याचा विषय.

कृतींबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरे काम तिथे आहे. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये इथून जवळच वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताने करायच्या उपयुक्त कामातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. त्यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की काम खरे असावे. ते झाले नाही तर कोणाचे तरी अडावे. आपण देतो ती बरीच कामे नाटकी असतात, ती केली काय आणि न केली काय, घराला फरक पडत नाही. नागपुरात मार्च उजाडला की घरोघरी कूलर लागतात. रोज सायंकाळी कूलरच्या टाकीत पाणी भरणे हे काम अकरा वर्षांच्या मुलाकडे पूर्णपणे सोपवा. आठवण करायची नाही, रागवायचे नाही. एखाद्या रात्री तो विसरला तर दोनच्या सुमारास कूलर गरम हवा फेकू लागेल, आजी उठून बसेल, धाकटी बहीण रडेल, आणि त्याला झोपेतून उठून बादली उचलावी लागेल. जबाबदारी या शब्दावर चाळीस मिनिटांची सभा घेऊन जे कळत नाही ते त्या एका बादलीने कळते. ज्या घरी कूलर नाही तिथे सकाळच्या नळाचे पाणी भरणे आहे, दारातली तुळस आहे, लहान भावाला अंगणवाडीतून आणणे आहे. पालकांनी सांगायचे ते इतकेच, की कोणते काम सोपवले.

सण हेही असेच साधन आहे. तान्ह्या पोळ्याला आपली मुले लाकडी बैल सजवून घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, गोळा करतात. ज्या मुलाकडे बैल नव्हता त्याला कोणी सोबत नेले का, जमलेल्या बोजाऱ्याचे काय केले, एवढे दोन प्रश्न घरी बोलायला पुरेसे आहेत. त्यासाठी कुठलीही चित्रफीत लागत नाही.

सक्तीबद्दल विचारले आहे. सक्तीने हजेरी वाढेल. पण मुलासमोर आई-वडिलांना समज दिली, तर उद्या त्याच आई-वडिलांनी सांगितलेली चांगली गोष्ट मूल कशाच्या बळावर ऐकणार?

उत्तर 3
एक आजी, प्रतापनगर

माझा मुलगा आणि सून दोघेही नोकरीला आहेत, नातीजवळ दिवसभर मीच असते. तिच्या शाळेच्या निमंत्रणात नेहमी “आई किंवा वडील” असे लिहिलेले असते, त्यामुळे मी बाजूला बसून ऐकत असे, बोलत नसे. एकदा शिक्षिकेने माझे नाव घेऊन विचारले की तुमच्या लहानपणी शेजारच्या घरी कोणी आजारी पडले तर काय करत असत. आम्ही इतवारीत वाड्यात राहत होतो. ज्या बिऱ्हाडात आजारपण असे त्यांचा स्वयंपाक उरलेली बिऱ्हाडे वाटून घेत असत, आणि ताट परत देताना ते रिकामे द्यायचे नाही म्हणून त्यात निदान साखरेची चिमूट तरी ठेवत असत. नातीने त्या रात्री साखरेबद्दल मला तीनदा विचारले. मॅडम, निमंत्रणात “घरातील कोणीही मोठे माणूस” असे लिहावे. पुष्कळ घरांत मुलांना वाढवण्याचे काम आमच्याकडेच आहे.

उत्तर 4
शालेय समुपदेशक, धरमपेठ

वरील उत्तरांशी मी सहमत आहे, केवळ तीन गोष्टींची भर घालते.

फोटो बंद करण्यामागे गोपनीयतेचेही कारण आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 मध्ये 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येणारी संमती हे तत्त्व ठेवले आहे. कायद्याची कलमे बाजूला ठेवली तरी 44 घरांच्या गटावर टाकलेला मुलीचा फोटो पुढे कुठे जातो यावर कोणाचाही ताबा राहत नाही. मुलांच्या चुका तर गटावर कधीच येऊ नयेत. बुटीबोरीच्या दादांनी सांगितलेल्या गोष्टीचे बळ हेच आहे की ती जेवणाच्या ताटापाशी राहिली.

सभा ठेवायचीच असेल तर महिन्यातून एकदा आणि तीस मिनिटांची ठेवावी. केंद्र सरकारच्या 2020 च्या प्रज्ञाता मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन वर्गाची मर्यादा दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रे अशी होती. “मोबाइल कमी पाहा” हे सांगण्यासाठी मुलाला शनिवारी मोबाइलसमोर बसवणे पालकांना खटकते आणि त्यांचे ते खटकणे रास्त आहे.

आणि फोन करा. मी ज्या शाळांत जाते तिथे एक पद्धत अवलंबते: शिक्षकाने रोज एका पालकाला पाच मिनिटांचा फोन करायचा आणि त्यात मुलाची कोणतीही तक्रार न करता त्याने केलेली, शिक्षकाने स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगायची. 44 घरे दोन महिन्यांत पूर्ण होतात. शाळेतून फोन आला की पहिल्यांदा बहुतेक पालक घाबरलेल्या आवाजात “काय केलं त्यानं?” असेच विचारतात. “आज त्याने पडलेल्या मुलाचा डबा उचलून दिला” हे ऐकल्यावर पलीकडे जी शांतता पसरते, तिच्यानंतर ते पालक आपल्याशी वेगळ्या रीतीने बोलू लागतात. घरात हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारे पालक असतील तर फोन आणि व्हॉइस मेसेज हिंदीतच करावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर, तीन आठवड्यांनंतर

सर्वांची मनापासून आभारी आहे. वरिष्ठांनी दोन महिन्यांपुरती परवानगी दिली आहे. तारे आणि फोटो थांबवले, आणि का थांबवले तेही गटावर लिहिले. सरांनी सांगितल्याप्रमाणे सहा पालकांना भेटले, त्यांपैकी तिघी धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामे करणाऱ्या आया होत्या, म्हणून दुपारी तीन वाजता, त्यांच्या दोन कामांच्या मधल्या वेळेत, नाक्यावरच्या देवळाच्या ओट्यावर बसलो.

मला वाटले होते त्या मोबाइलचे किंवा उलट बोलण्याचे सांगतील. एकीने सांगितले की तिचा मुलगा शाळेत “माझी आई घरीच असते” असे सांगतो आणि ती कामावरून येताना रस्त्यात दिसली तर मित्रांबरोबर असताना ओळख दाखवत नाही. बाकीच्या दोघी काही वेळ बोलल्या नाहीत, मग दोघींनीही तेच सांगितले. तो मुलगा माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसतो. त्याला गेल्या महिन्यात प्रामाणिकपणाचे सर्वाधिक तारे मिळाले होते.

त्यामुळे पहिला विषय ठरला, घरातल्या माणसांचे काम. पहिल्या रविवारचा प्रश्न मुलांनी घरी विचारायचा आहे: तुमच्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट कोणती, आणि कोणती गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा चांगली जमते? कोणाकडूनही उत्तर मागवलेले नाही. तरी सोमवारी एका मुलाने वर्गात सांगितले की त्याच्या आईला चाळीस माणसांच्या भातात मीठ किती हे न चाखता, केवळ वाफेच्या वासावरून कळते. बाकी मुलांनी त्याला पुष्कळ प्रश्न विचारले आणि मधली सुट्टी झाली तरी ती उठली नाहीत.

निमंत्रणातील शब्द आजींनी सुचवल्याप्रमाणे बदलले आहेत, फोनही रोज एक करते आहे. एक अडचण मात्र सुटलेली नाही. दोन मुलांचे वडील लांबच्या मार्गावर ट्रक चालवतात, महिन्यातून दोनदा घरी येतात आणि माझे व्हॉइस मेसेज ते ऐकतच नाहीत. त्यांच्यापर्यंत कसे पोहोचावे?

उत्तर
पालक, बुटीबोरी

मॅडम, माझा मोठा भाऊ ट्रकवर आहे. शाळेचा मेसेज आला की तो फी किंवा तक्रार समजून तसाच ठेवतो, पण लेकीचा आवाज आला की धाब्यावर गाडी लागताच आधी तो ऐकतो आणि दोन-दोनदा ऐकतो. प्रश्न आपल्या आवाजात पाठवू नका. मुलाकडून पाठवून घ्या, आणि उत्तर रात्री उशिरा येईल, तेव्हा आईला फोन चार्जिंगला लावून ठेवायला सांगा.